अकरा हजार इशारे आणि तीन महिन्यांची मुदत

प्रश्न : मी पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे. सहकारी पतसंस्थांसाठी आमची कंपनी जी प्रणाली पुरवते, तिची जबाबदारी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. जावामध्ये लिहिलेला, बारा वर्षांचा, सुमारे ३ लाख ओळींचा हा कोड आहे आणि तो लिहिणारे बहुतेक जण कंपनी सोडून गेले आहेत. वरिष्ठांच्या आग्रहावरून आम्ही सोनारक्यूब हे कोड वाचून संशयास्पद जागा दाखवणारे टूल बसवले, तर पहिल्याच तपासणीत ११ हजारांहून अधिक इशारे आले. तीन महिन्यांत हा आकडा शून्यावर आणा, असे मॅनेजरनी सांगितले आहे. गंमत म्हणजे तेच टूल देखभालक्षमतेसाठी आम्हाला ‘ए’ श्रेणी देते. मग खरे काय मानायचे? टीममधल्या एका ज्युनिअरने एका आठवड्यात दोनशेहून अधिक इशारे निकाली काढले; त्यांतल्या एका दुरुस्तीमुळे मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवींचे व्याज चुकले आणि एका शाखेतून तक्रार आली. त्या दुरुस्तीचा कोड सोबत जोडला आहे. आता निम्मी टीम म्हणते, टूलच काढून टाका. उरलेले इशारे एआयकडून दुरुस्त करून घ्यावेत, असाही एक विचार पुढे आला आहे. आपले मत काय?

— एक टीम लीड, पुणे

उत्तर : टूल राहू द्या. मोडीत काढायचे असेल तर ‘शून्य इशारे’ हे उद्दिष्ट मोडीत काढा, कारण तुमच्या पत्रातल्या बहुतेक अडचणी त्यातून निघालेल्या आहेत. सुरुवात मात्र व्याजाच्या चुकीपासून करू. तुमच्या पत्रातला सर्वांत उपयोगाचा भाग तोच आहे.

तुम्ही जोडलेल्या कोडमध्ये ठेवीच्या दिवसांना ३० ने भागले आहे आणि आलेले उत्तर ‘डबल’ प्रकारच्या, म्हणजे अपूर्णांक सामावू शकणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवले आहे. जावामध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच येतो आणि उरलेला भाग गळून पडतो. म्हणून ४५ भागिले ३० याचे उत्तर दीड न येता एक येते. असे उत्तर डबलमध्ये ठेवलेले दिसले की लिहिणाऱ्याच्या हातून अपूर्णांक नकळत गळला असावा, अशी शंका टूल घेते, आणि ही शंका बऱ्याचदा रास्त असते. तुमच्या ज्युनिअरने भागाकारापूर्वीच दिवसांची संख्या डबलमध्ये बदलली आणि इशारा नाहीसा झाला. पण बारा वर्षांपूर्वी ज्याने ती ओळ लिहिली, त्याला पूर्ण झालेले महिनेच मोजायचे होते; मुदतीपूर्वी मोडलेल्या ठेवीवर अर्धवट महिन्याचे व्याज द्यायचे नाही, हा तुमच्या ग्राहक संस्थांचा नियम त्या गळून पडणाऱ्या अपूर्णांकात दडलेला होता. १ लाखाची ठेव ७ टक्के दराने ४५ दिवसांनी मोडली, तर पूर्वी एका महिन्याचे ५८३ रुपये ३३ पैसे व्याज निघत असे; दुरुस्तीनंतर दीड महिन्याचे ८७५ रुपये निघू लागले. शाखेतल्या कारकुनाने ते हाताने ताडून पाहिले, हे तुमचे नशीब.

यात टूलचे बोट अचूक जागेवर होते. ती ओळ संशयास्पद होतीच, कारण तिचा हेतू ती वाचून कळत नव्हता. ‘पूर्ण महिने’ असा अर्थ सांगणाऱ्या नावाची छोटी मेथड (कोडचा नाव दिलेला स्वतंत्र तुकडा) काढणे, तिचे उत्तर पूर्णांकच ठेवणे, नियम कुठल्या ठरावातून किंवा पोटनियमातून आला हे एका ओळीच्या टिपणीत लिहिणे आणि २९, ३० व ४५ दिवसांसाठी टेस्ट, म्हणजे उत्तर आपोआप ताडून पाहणारा कोड, लिहिणे, ही खरी दुरुस्ती झाली असती. उत्तर पूर्णांकाच्या व्हेरिएबलमध्ये गेल्यावर इशारा आपोआप गेला असता आणि पुढच्या माणसाला नियमही वाचायला मिळाला असता. इशारा आला की ‘हा कसा घालवू?’ असे विचारण्याआधी ‘इथे लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते?’ असे विचारायचे, एवढी शिस्त टीममध्ये रुजली तर पुढचे सगळे सोपे आहे. ती रुजत नसेल तर कोणतेही टूल बसवा, असेच अपघात होत राहतील.

मुळात ही टूल्स कोड न चालवता केवळ वाचून शंका काढतात. बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास सी भाषेसाठी ‘लिंट’ हा प्रोग्रॅम लिहिला, तेव्हापासून तत्त्व बदललेले नाही. टूलला भाषा कळते, पतसंस्थेचे पोटनियम कळत नाहीत. शिवाय कोणताही प्रोग्रॅम दिला तरी तो थांबेल की नाही हे अचूक सांगणारी सर्वसाधारण पद्धत असू शकत नाही, हे अॅलन ट्यूरिंग यांनी १९३६ मध्येच सिद्ध केले असल्यामुळे, प्रोग्रॅमच्या वागण्याबद्दल निकाल देणारे प्रत्येक टूल कुठेतरी अंदाज बांधते. मग ते काही खऱ्या चुका सोडून देते किंवा काही खोट्या चुकांवर ओरडते, आणि बहुधा दोन्ही करते.

इशाऱ्याचे तोंड बंद करण्याच्या नादात काय होऊ शकते, याचे आपल्या क्षेत्रातले सर्वांत बोलके उदाहरण डेबियन या लिनक्स प्रणालीचे आहे. २००६ मध्ये तिथल्या ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या पॅकेजमधून दोन ओळी काढण्यात आल्या, कारण व्हॅलग्राइंड हे टूल त्या ओळींमुळे तक्रार करत होते. (व्हॅलग्राइंड चालू प्रोग्रॅमची तपासणी करते, त्यामुळे त्याची जात तुमच्या टूलहून वेगळी, पण माणसाचे वागणे तेच.) त्यातली एक ओळ गुप्त किल्ली तयार करण्यासाठी लागणारी यादृच्छिकता मिसळत होती. ती गेल्यावर अनिश्चितता उरली ती जवळजवळ केवळ चालू प्रोग्रॅमला मिळणाऱ्या प्रोसेस क्रमांकाची, आणि त्याच्या शक्यता होत्या ३२,७६८. मे २००८ मध्ये हे उघडकीस येईपर्यंत डेबियन आणि उबुंटूवर तयार झालेल्या किल्ल्या अंदाजाने शोधून काढता येण्याजोग्या होत्या. तुमचा ज्युनिअर स्वस्तात सुटला, हे त्याला जरूर सांगा, आणि तेवढ्यावर तो विषय संपवा. आठवड्यात दोनशे इशारे निकाली काढणाऱ्याला रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांनी बदल तपासताना, कोणी अडवले नाही, ही जबाबदारी त्याची नाही.

आता ‘ए’ श्रेणीचे कोडे. सोनारक्यूबचे गणित साधे आहे : प्रत्येक इशारा दुरुस्त करायला किती मिनिटे लागतील याचा एक ठरावीक अंदाज असतो, त्यांची बेरीज करून तिला तेवढा कोड नव्याने लिहिण्याच्या खर्चाने भागतात, आणि तो खर्च ओळीमागे सुमारे अर्धा तास धरलेला असतो. हे प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असेल तर ‘ए’. तुमच्या ३ लाख ओळींचे दीड लाख तास होतात आणि त्याचे ५ टक्के म्हणजे साडेसात हजार तास. एवढे काम थकलेले असले तरी ‘ए’ श्रेणी कायम राहते. उलट एखाद्याने दहा हजार ओळी कॉपी-पेस्ट करून वाढवल्या, तर भाजक फुगून प्रमाण सुधारूही शकते. तेव्हा श्रेणी आणि एकूण इशारे हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्ही तुमच्या निर्णयासाठी निरुपयोगी आहेत. ही श्रेणी ग्राहकापुढच्या सादरीकरणात शोभते. तिथेच तिला राहू द्या.

एकगठ्ठा इशाऱ्यांच्या मागे लागण्याचा प्रयोग मोठ्या कंपन्यांनी करून पाहिलेला आहे. गूगलमध्ये मे २००९ मध्ये शेकडो अभियंत्यांनी एक आठवडा फाइंडबग्ज या टूलच्या इशाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. ९,४७३ पैकी ३,९५४ इशारे त्यांनी तपासले, १,७४६ बाबतीत रीतसर तक्रार नोंदवली, आणि प्रत्यक्षात दुरुस्त झाले ६४०. गूगलकडे हुशार माणसांचा तुटवडा होता, असे कोणी म्हणणार नाही. फेसबुकचा अनुभव याहून स्पष्ट आहे. त्यांच्या इन्फर या टूलने काढलेल्या चुकांची यादी डेव्हलपरना वेगळी दिली जात असे, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण जवळजवळ शून्य होते. तेच इशारे बदल रिव्ह्यूला टाकताच त्या बदलाखाली दिसू लागले, तेव्हा ते ७० टक्क्यांवर गेले. टूलची ताकद दोन्ही वेळा सारखीच होती. ज्या माणसाच्या डोक्यात तो कोड त्या क्षणी ताजा आहे त्याला इशारा दिसतो की नाही, एवढाच फरक होता.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की आजच्या तारखेला एक रेघ ओढावी. सोनारक्यूबमध्ये ‘नवा कोड’ कुठून धरायचा हे ठरवता येते. ती तारीख किंवा आवृत्ती निश्चित करा आणि क्वालिटी गेटच्या, म्हणजे कोड पुढे जाऊ देण्याच्या, अटी केवळ नव्या व बदललेल्या ओळींना लावा. टूलसोबत येणाऱ्या गेटमध्ये नव्या कोडसाठी ८० टक्के टेस्ट कव्हरेज (टेस्टमध्ये चालून गेलेल्या कोडचे प्रमाण) आणि पुनरावृत्ती ३ टक्क्यांपर्यंत अशा अटी असतात. पुनरावृत्तीची अट पहिल्या दिवसापासून लावायला हरकत नाही, पण ज्या टीमला टेस्ट लिहायची सवय नाही तिला ८० टक्के लगेच झेपणार नाही आणि मग लोक काहीही न तपासणाऱ्या टेस्ट लिहून आकडा भरतील. पन्नासपासून सुरू करा. हाच इशारा एडिटरमध्ये, टाइप करताना दिसेल अशी जोडणीही प्रत्येकाकडे करून घ्या. पुल रिक्वेस्टपर्यंत, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेण्याच्या विनंतीपर्यंत, पोहोचलेला इशारा आधीच थोडा शिळा झालेला असतो.

गेट लावण्यापूर्वी नियमांची छाटणी करा, आणि ती एकट्याने करू नका. मोठ्या पडद्यावर नियमांची यादी लावून टीमसोबत बसा आणि प्रत्येक नियमाची दोन-तीन उदाहरणे तुमच्याच कोडमधून उघडून पाहा. ‘आपण हे दुरुस्त करणार का?’ याचे उत्तर ‘नाही’ असेल तर तो नियम बंद. कंस, मोकळ्या जागा आणि ओळीची लांबी यांची भांडणे कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या फॉरमॅटरवर सोपवा, तो एका वेगळ्या कमिटमध्ये (बदलांच्या एका नोंदीत) सगळ्या कोडवर चालवा, आणि बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटच्या ‘ब्लेम’मधून (कोणती ओळ कोणी बदलली ते दाखवणारी सोय) ते कमिट वगळण्याची सोय वापरा, म्हणजे बारा वर्षांचा इतिहास एका रात्रीत तुमच्या नावावर जमा होणार नाही. उरलेल्या नियमांपैकी जे टीमला निर्विवाद वाटतात त्यांनी बिल्ड, म्हणजे कोडपासून चालवता येणारी प्रणाली बनवण्याची प्रक्रिया, थांबलीच पाहिजे. पैशांच्या प्रणालीत यात पहिला मान ‘बिगडेसिमल’ या जावातल्या अचूक दशांश संख्यांच्या प्रकाराच्या नियमांना द्या : त्याची तुलना ‘इक्वल्स’ने केली तर २.० आणि २.०० या रकमा वेगळ्या ठरतात, कारण दशांशस्थळेही जुळावी लागतात. ‘कम्पेअरटू’ने केली तर त्या समान ठरतात. असा एक नियम नावांच्या शैलीवरच्या शंभर नियमांहून मोलाचा आहे.

पण छाटणी डोळसपणे व्हावी. फेब्रुवारी २०१४ मध्ये अॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ (मधली तपासणी सोडून शेवटाकडे जा) ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे उघड झाले. दुसऱ्या ओळीवर कोणतीही अट नसल्याने पुढची सही-पडताळणी कधी होतच नव्हती. खाली कधीच न पोहोचता येणारा कोड आहे, हे सांगू शकणारा इशारा क्लँग या कम्पायलरमध्ये (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) होता, पण ‘सगळे इशारे’ असे नाव मिरवणाऱ्या पर्यायात तो धरलेला नव्हता. तेव्हा बंद केलेल्या प्रत्येक नियमापुढे कारण लिहा, आणि एखादी चूक प्रॉडक्शनमध्ये पोहोचली की तिला पकडू शकणारा नियम आपणच बंद केला होता का, हे पाहण्याची रीत ठेवा. एखाद्या ओळीपुरता इशारा दाबायचा असेल तरी तसेच : कारण सोबत असेल तरच रिव्ह्यू मान्य.

रेघेच्या आधीचे अकरा हजार तसेच राहतील का? बहुतांश राहतील, आणि राहू द्यावेत. ज्या फाइलला सहा वर्षांत कोणी हात लावलेला नाही आणि जी बिनतक्रार चालते आहे, तिच्यातले चारशे इशारे कुणाचाही वेळ खात नाहीत. ते दुरुस्त करायला गेलात तर जोखीम मात्र नक्की घ्याल. देखभालीचा खर्च जिथे वारंवार बदल होतात तिथे होतो. म्हणून गिटच्या नोंदींतून गेल्या वर्षभरात कोणती फाइल किती कमिटमध्ये बदलली हे मोजा, उतरत्या क्रमाने लावा आणि त्या यादीशेजारी टूलने दिलेली गुंतागुंत लिहा. सेटिंग्ज आणि भाषांतराच्या फाइल्स वगळल्या की दोन्ही बाजूंनी वर असलेल्या फाइल्स मूठभरच निघतात. तुमच्या प्रणालीत व्याज, हप्ते आणि दिवसअखेरची प्रक्रिया त्यात असणारच, असा माझा अंदाज आहे. तुमच्या टीमचा सुधारणेचा सगळा वेळ तिथेच जावा.

गुंतागुंत मोजण्याचे दोन आकडे टूल देते आणि त्यांची गल्लत होते. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडलेली सायक्लोमॅटिक गुंतागुंत म्हणजे मेथडमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटांची संख्या. त्यांनी दहाची मर्यादा सुचवली होती. वीस प्रकारच्या खात्यांसाठी वीस शाखांचा सरळसोट ‘स्विच’ असेल तर हा आकडा विसाच्या वर जातो, पण वाचणाऱ्याला काहीच त्रास होत नाही. सोनारने नंतर आणलेली कॉग्निटिव्ह गुंतागुंत अख्ख्या स्विचला एकच गुण देते आणि एकात एक घुसलेल्या ‘इफ’ व लूपना चढत्या भाजणीने दंड करते; तिची नेहमीची मर्यादा पंधरा आहे. कोणत्या मेथडला किमान किती टेस्ट लागतील हे पहिल्यावरून ठरवा, आणि कोणती मेथड आधी सोडवायची हे दुसऱ्यावरून. मर्यादा गाठण्यासाठी मेथडचे भाग एक, भाग दोन, भाग तीन असे तुकडे पाडणारे लोक प्रत्येक टीममध्ये असतात. आकडा खाली येतो, वाचणारा मात्र तीन ठिकाणी फिरत बसतो.

यातल्या कोणत्याही मेथडला हात लावण्यापूर्वी तिचे आजचे वागणे बांधून ठेवा. गेल्या आर्थिक वर्षातली काही हजार खाती नावे व ओळख काढून घ्या, सध्याच्या कोडने त्यांचे व्याज काढून ठेवा, आणि बदलानंतर पैशापैशाने ताडून पाहा. निकाल बरोबर आहे की चूक, हा प्रश्न या टप्प्यावर विचारायचा नाही. तो बदलला का, एवढेच पाहायचे. असा संच हाताशी असता, तर ४५ दिवसांची ठेव शाखेत पोहोचण्याआधी तुमच्याच बिल्डमध्ये लाल झाली असती. हे काम कंटाळवाणे आहे आणि डॅशबोर्डवर त्याचे श्रेय दिसत नाही, म्हणूनच ते तुमच्या नियोजनात नाव आणि तारीख घालून लिहिलेले असावे.

टूलला न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात. डेटाबेसमधल्या प्रोसीजरमध्ये लपलेले व्यवसायाचे नियम, चुकीच्या नावाची पण व्याकरणशुद्ध मेथड, आणि ‘हे फक्त अमुक यांनाच माहीत’ असा भाग, यांवर जावाच्या तपासणीत एकही इशारा येणार नाही. स्क्रीनच्या कोडने थेट डेटाबेसला हात घालू नये, असे थरांचे नियम मात्र आर्चयुनिटसारख्या लायब्ररीने टेस्टच्या रूपात लिहिता येतात. ते जरूर करा.

एआयकडून दुरुस्ती करून घेण्याला माझा सरसकट विरोध नाही. न वापरलेले इम्पोर्ट, कालबाह्य कॉल बदलणे, वाचून झाल्यावर न बंद केलेल्या फाइल्स, अशा यांत्रिक नियमांसाठी ते वापरा : एका वेळी एकच नियम, एका पुल रिक्वेस्टमध्ये माणूस खरोखर वाचू शकेल एवढेच बदल, आणि वर सांगितलेल्या तुलनेतून पार पडल्यावरच मर्ज. अंकगणित, तारखा, राउंडिंग, व्यवहाराच्या सीमा आणि एकाच वेळी चालणारे थ्रेड यांना त्याचा हात लागू देऊ नका. तुमच्या ज्युनिअरने जी दुरुस्ती केली तीच एआयही करील, आणि सोबत अत्यंत पटणारे स्पष्टीकरणही लिहील, त्यामुळे रिव्ह्यू करणारा आणखी लवकर फसेल.

राहता राहिले मॅनेजर. ‘शून्य जमणार नाही’ असे म्हणत रिकाम्या हाताने जाऊ नका. त्याच्या जागी ठेवायला आकडे घेऊन जा. नव्या कोडच्या गेटमधून किती पुल रिक्वेस्ट पहिल्या खेपेस पार झाल्या, वारंवार बदलणाऱ्या त्या मूठभर फाइल्समध्ये एखादा बदल मागणीपासून लाइव्ह होईपर्यंत किती दिवस लागले, आणि त्याच फाइल्समधून शाखांपर्यंत किती चुका पोहोचल्या, हे दर महिन्याला मांडा. एकूण इशाऱ्यांचा आकडा त्या पानावर ठेवूच नका. विचारलाच तर सांगा, पण त्यावर कुणाचे मूल्यमापन होणार नाही हे लेखी घ्या, नाहीतर इशारे दाबण्याच्या टिपण्यांनीच तो खाली येईल. सहा महिन्यांची मुदत मागा. पहिले दोन महिने नियमांची छाटणी आणि तुलनेचा संच उभारण्यात जातील आणि तोवर यांतला एकही आकडा फारसा हलणार नाही, हे त्यांना पहिल्या बैठकीतच सांगून ठेवा.